विंडोज ११ शेजारी उबंटू: इन्स्टॉलरला डिस्क दिसत नाही, वायफाय नाही, काळा पडदा

ऐरोली_सेक्टर८

नमस्कार मंडळी. लॅपटॉप असा आहे: इंटेल कोअर आय५ १२४५०एच, १६ जीबी रॅम, ५१२ जीबी एनव्हीएमई एसएसडी, एनव्हीडिया आरटीएक्स ३०५०. विंडोज ११ होम आधीपासून आहे. कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी शेजारी उबंटू टाकायचंय. विंडोजला धक्का लागता कामा नये, कारण घरच्या दुकानाचं टॅली आणि जीएसटीचं काम त्याच्यावरच चालतं. पेनड्राइव्हवर उबंटू २२.०४ ची पहिली आयएसओ (इन्स्टॉलची फाइल) आहे, लॅबमधून घेतलेली.

अडलंय ते असं:

१. इन्स्टॉलर म्हणतो, इंटेल आरएसटी (इंटेलची डिस्क सांभाळणारी यंत्रणा) चालू आहे, आधी बंद करा. डिस्कची यादी येतच नाही.
२. बायोसमध्ये व्हीएमडी कंट्रोलर (एसएसडी याच्यामार्फत जोडलेली असते) बंद केला की विंडोज निळा पडदा दाखवतं, ‘इनअ‍ॅक्सेसिबल बूट डिव्हाइस’. पुन्हा चालू केला की सगळं ठीक.
३. ‘ट्राय उबंटू’मध्ये वायफायचं चिन्हच नाही. एलएसपीसीआय कमांडच्या यादीत कार्ड रिअलटेकचं दिसतं, आयडी १०ईसी:बी८५२.
४. साध्या पर्यायाने बूट केलं तर पडदा काळा. ‘सेफ ग्राफिक्स’ने चालतं.

व्हीएमडी बंद न करता काम होईल का? आणि वायफायचा ड्रायव्हर गिटहबवरून घेऊन कंपाइल करावा लागेल का?

---

कोपरी_बूटलोडर

चारही तक्रारींची कारणं वेगळी आहेत, त्यामुळे एकाच औषधाने चारही जाणार नाहीत. मी फक्त डिस्कचं सांगतो, कारण विंडोज जायचा धोका तिथेच आहे.

‘आरएसटी चालू आहे’ या एकाच वाक्यामागे दोन निरनिराळ्या गोष्टी असतात. दहाव्या पिढीपर्यंतच्या लॅपटॉपांत रेड मोड (अनेक डिस्क एकत्र जोडायची पद्धत) चालू असला की एनव्हीएमई डिस्क साटा कंट्रोलरच्या आड लपवली जाते. अशा मशीनवर डीमेसेज (लिनक्सच्या गाभ्याच्या, म्हणजे कर्नलच्या, नोंदी) पाहिलात तर ‘रीमॅप्ड एनव्हीएमई’ सापडल्याची आणि बायोसमध्ये रेडवरून एएचसीआय या साध्या मोडवर जा अशी ओळ चक्क कर्नलनेच लिहिलेली दिसते. तिथे दुसरा इलाज नाही. अकराव्या पिढीपासून पुढे ती जागा व्हीएमडीने घेतली. तुमचं मशीन या दुसऱ्या गटातलं. तुमच्या एलएसपीसीआयच्या यादीत ८०८६:४६७एफ आयडीचा रेड कंट्रोलर दिसेल, तोच हा.

आता निळा पडदा. एनव्हीएमईचा साधा ड्रायव्हर, स्टोअरएनव्हीएमई, विंडोजमध्ये असतोच. पण व्हीएमडीमुळे त्याची कधी गरज पडली नाही, म्हणून बूटच्या वेळी तो उचलायचा नाही अशी नोंद रजिस्ट्रीत झालेली असते. तुम्ही व्हीएमडी काढलात, विंडोज जुना इंटेल ड्रायव्हर घेऊन डिस्क शोधायला गेलं, सापडली नाही, आडवं झालं. डेटाला काहीही झालेलं नसतं. सेफ मोडमध्ये मात्र हे मूळ ड्रायव्हर नोंद न पाहता उचलले जातात, आणि एकदा उचलला की तो ड्रायव्हर कायमचा कामाला लागतो. सगळी युक्ती एवढीच आहे.

करायचं असं:

आधी सेटिंग्ज, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, डिव्हाइस एन्क्रिप्शन उघडा. ‘होममध्ये बिटलॉकर नसतं’ हा समज सोडून द्या. होममध्येही डिस्क एन्क्रिप्ट झालेली असू शकते. चालू असेल तर मायक्रोसॉफ्ट खात्यात जाऊन ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर उतरवा किंवा फोनवर फोटो काढून ठेवा. त्याच लॅपटॉपच्या डेस्कटॉपवर सेव्ह करून उपयोग नाही, हे सांगावं लागतं! मग अ‍ॅडमिन कमांड प्रॉम्प्टमध्ये:

मॅनेज-बीडीई -प्रोटेक्टर्स -डिसेबल सी: -रीबूटकाउंट ०

(इथे देवनागरीत लिहिलंय, टाइप करताना अर्थातच इंग्रजीत.) शेवटचं शून्य विसरू नका. ते नसेल तर एका रीबूटनंतर संरक्षण आपोआप परत चालू होतं, आणि आपल्याला रीबूट एकाहून जास्त लागतात.

दुसरं, खात्याचा पूर्ण पासवर्ड आठवतोय ना ते तपासा. रोज पिनने उघडणाऱ्यांची इथे फजिती होते, कारण सेफ मोडमध्ये पिन चालेलच असं नाही. पिनच्या नादात पासवर्ड विसरला असाल तर आत्ताच बदलून घ्या.

मग एमएसकॉन्फिग, बूट टॅब, ‘सेफ बूट’वर खूण, ‘मिनिमल’. रीस्टार्ट. विंडोज सुरू व्हायच्या आत बायोसमध्ये शिरा, व्हीएमडी कंट्रोलर डिसेबल करा, सेव्ह करा. काही लॅपटॉपांत हा पर्याय दिसतच नाही. तिथे मेन टॅबवर कंट्रोल आणि एस एकत्र दाबल्यावर तो उघडा पडतो. विंडोज सेफ मोडमध्ये उघडेल. डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘स्टोरेज कंट्रोलर्स’खाली ‘स्टँडर्ड एनव्हीएम एक्सप्रेस कंट्रोलर’ आला की जिंकलात. एमएसकॉन्फिगमधली खूण काढा, रीस्टार्ट करा, नेहमीचं विंडोज आलं की तीच मॅनेज-बीडीई कमांड ‘डिसेबल’ऐवजी ‘इनेबल’ घालून (रीबूटकाउंट वगळून) चालवा.

मध्येच काही बिनसलं तर व्हीएमडी परत चालू करा, होतं तिथे परत याल.

हे कुणी करू नये तेही सांगतो: ज्यांच्याकडे दोन डिस्क मिळून रेड ० आहे, किंवा ऑप्टेन मेमरी (डिस्कचा वेग वाढवणारी इंटेलची मेमरी) जोडलेली आहे. रेड ० चा मोड बदललात तर विंडोजला ती जोडी डिस्क म्हणून ओळखताच येणार नाही. ऑप्टेन आधी इंटेलच्या आरएसटी अ‍ॅपमधून बंद करायची, मगच बायोस.

---

नौपाडा_ग्रब

व्हीएमडी बंद करायची एवढी घाई कशाला? लिनक्स कर्नलमध्ये व्हीएमडीचा ड्रायव्हर आहे. लाइव्ह सेशनमध्ये टर्मिनल उघडून एलएसबीएलके (डिस्कची यादी देणारी कमांड) चालवा. एनव्हीएमई०एन१ दिसतंय ना? म्हणजे कर्नलला डिस्क दिसते आहे, अडवतोय तो इन्स्टॉलर. एलएसपीसीआयमध्ये त्याच डिस्कचा पत्ता १००००: ने सुरू होताना दिसला तर ती व्हीएमडीच्या मागून येते आहे हे पक्कं.

फेडोरासारख्या दुसऱ्या डिस्ट्रोचा इन्स्टॉलर असा आडवा येत नाही. उबंटूचाच हट्ट असेल तर मात्र कोपरीकर म्हणतात तसंच करा.

---

कोपरी_बूटलोडर

मुद्दा बरोबर, कर्नलला दिसतं. पण प्रश्नकर्त्याला लॅबमध्ये चालतं तेच उबंटू हवंय आणि एकच डिस्क आहे. रेड करायचं नसेल तर व्हीएमडी ठेवून त्यांच्या पदरात पडणार काय? उलट पुढे कधी विंडोज नव्याने टाकायची वेळ आली तर तिथेही हाच कंट्रोलर आडवा येतो. एकदाच सोक्षमोक्ष लावावा.

---

घणसोली_वायरलेस

वायफायचं मी घेतो. १०ईसी:बी८५२ म्हणजे आरटीएल८८५२बीई. याचा ड्रायव्हर, आरटीडब्ल्यू८९, मुख्य कर्नलमध्ये ६.२ पासून आला. तुमची आयएसओ २०२२ च्या एप्रिलमधली, तिच्यात कर्नल ५.१५. मग दिसणार कुठून? कार्ड ठणठणीत आहे.

गिटहबच्या वाटेला जाऊ नका. तो ड्रायव्हर बांधायला कंपायलर आणि हेडर लागतात, ते उतरवायला इंटरनेट लागतं, आणि इंटरनेटसाठीच तर हा खटाटोप. शिवाय कर्नल अपडेट झाला की डीकेएमएस (ड्रायव्हर आपोआप पुन्हा बांधणारी सोय) नसेल तर ड्रायव्हर पुन्हा बांधा, आणि सिक्युअर बूट (सही नसलेलं काही चालू न देणारं संरक्षण) चालू असेल तर त्यावर सही करा. सरळ २४.०४ ची आयएसओ उतरवा. पहिल्या आवृत्तीतच कर्नल ६.८ आहे, २४.०४.३ मध्ये ६.१४. २२.०४ लाच चिकटायचं असेल तर निदान २२.०४.५ घ्या, तिच्यातही ६.८ आहे. उतरवल्यावर फाइलची शा२५६ चेकसम साइटवर दिलेल्याशी जुळवून बघा. हातोहात फिरलेल्या पेनड्राइव्हवरची आयएसओ अर्धवट कॉपी झालेली असली तर इन्स्टॉलर मध्येच वाट्टेल त्या चुका दाखवतो आणि माणूस उगाच ड्रायव्हरला शिव्या घालतो.

तोवर इंटरनेटसाठी अँड्रॉइड फोन यूएसबीने जोडा आणि सेटिंगमध्ये यूएसबी टेदरिंग चालू करा. उबंटूला तो वायरचं नेटवर्क म्हणून दिसतो, वेगळा ड्रायव्हर लागत नाही. फोन वायफायवर असेल तर घरचंच वायफाय केबलमधून लॅपटॉपला मिळतं, मोबाइल डेटा खर्च होत नाही. केबल मात्र डेटावाली हवी. पॉवर बँकेबरोबर मिळालेल्या बऱ्याच केबलींतून नुसतं चार्जिंग होतं. टेदरिंगचं बटण धूसर दिसलं तर आधी केबल बदला. ठाण्यात गोखले रोडला कुठल्याही मोबाइलच्या दुकानात मिळेल, त्यासाठी लॅमिंग्टन रोड गाठायला नको.

चिन्ह दिसतं पण नेटवर्क सापडत नाही असं झालं, तर डीमेसेजमध्ये आरटीडब्ल्यू८९ शोधा. ‘फर्मवेअर लोड झालं नाही’ असं असेल तर ड्रायव्हर आहे, कार्डात भरायची फाइल नाही. लिनक्स-फर्मवेअर पॅकेज अपडेट केलं की भागतं.

आणखी एक. विंडोजचं फास्ट स्टार्टअप बंद करा: कंट्रोल पॅनेल, पॉवर ऑप्शन्स, ‘चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू’. ते चालू असताना ‘शट डाउन’ केलं तरी विंडोज पूर्ण बंद होत नाही, कर्नल झोपवून ठेवतं. मग उबंटूत कधी कार्ड जागं होत नाही, कधी विंडोजचं पार्टिशन नुसतं वाचता येतं, लिहिता येत नाही. गंमत म्हणजे ‘रीस्टार्ट’ केलं तर हे होत नाही, कारण रीस्टार्टमध्ये विंडोज खरोखर बंद होतं. ‘कधी चालतं, कधी नाही’ अशी तक्रार ऐकली की मी पहिलं हेच विचारतो.

---

घोडबंदर_कर्नल

काळा पडदा: आरटीएक्स ३०५० आणि लाइव्ह पेनड्राइव्हमधला नूव्हो (एनव्हीडियासाठीचा मुक्त) ड्रायव्हर यांचं जमत नाही, एवढंच. ‘सेफ ग्राफिक्स’ पर्याय आतून ‘नोमोडसेट’ हाच शब्द जोडतो. इन्स्टॉलनंतरच्या पहिल्या बूटलाही पडदा काळाच राहिला तर ग्रबच्या (बूटच्या वेळी सिस्टीम निवडायच्या) यादीत उबंटूवर उभं राहून ‘ई’ दाबा, ‘लिनक्स’ने सुरू होणारी लांबलचक ओळ शोधा, तिच्या शेवटी ‘क्वाएट स्प्लॅश’नंतर एक जागा सोडून नोमोडसेट लिहा आणि एफ१० दाबा. हा बदल त्या एका बूटपुरताच असतो.

आत गेल्यावर ‘अ‍ॅडिशनल ड्रायव्हर्स’ उघडा आणि ‘टेस्टेड’ लिहिलेला एनव्हीडिया ड्रायव्हर निवडा. एनव्हीडियाच्या साइटवरची .रन फाइल चालवू नका. ती पॅकेज मॅनेजरला न विचारता फाइली टाकते आणि पुढच्या अपडेटला दोघांची जुंपते. निस्तरायला तासन्‌तास जातात.

ड्रायव्हर बसल्यावर नोमोडसेट ग्रबमध्ये कायमचा ठेवू नका. काहीजण ठेवतात आणि मग ‘रिझोल्यूशन बदलत नाही, ब्राइटनेस चालत नाही’ म्हणून नवा धागा काढतात. तो शब्द एनव्हीडियापुरता नाही, इंटेलच्या ग्राफिक्सलाही लंगडं करतो.

---

ऐरोली_सेक्टर८

सर्वांचे आभार. कोपरीकर सरांच्या क्रमाने केलं, विंडोज नीट चालतंय. २४.०४.३ टाकलं, वायफाय लाइव्हमध्येच दिसलं. आता अडलंय एनव्हीडियापाशी. एका ट्यूटोरियलप्रमाणे एनव्हीडिया-डीकेएमएस पॅकेज टर्मिनलमधून टाकलं. मध्ये एक पासवर्ड मागितला, तो दिला. रीस्टार्टनंतर निळ्या रंगाचा कसलासा मेनू क्षणभर आला आणि गेला. आता एनव्हीडिया-एसएमआय (कार्डाची स्थिती दाखवणारी कमांड) म्हणतं ड्रायव्हरशी बोलता येत नाही. मॉडप्रोबने ड्रायव्हर हाताने चढवायला गेलो तर ‘की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस’. सिक्युअर बूट बंद करू का?

---

घोडबंदर_कर्नल

नको, थांब. तो निळा मेनूच महत्त्वाचा होता. सिक्युअर बूट चालू असताना कर्नल सही नसलेलं मॉड्यूल (ड्रायव्हरचा भाग) आत घेत नाही. डीकेएमएस तुझ्या मशीनवर मॉड्यूल बांधतं आणि तुझ्याच मशीनवर तयार केलेल्या किल्लीने त्यावर सही करतं. ती किल्ली (हिलाच मोक म्हणतात) मान्य आहे हे माणसाने मशीनसमोर बसून एकदा सांगायचं असतं, त्यासाठी तो मेनू. दहा सेकंदांत कुठलंही बटण दाबलं नाही तर तो निघून जातो.

किल्ली पुन्हा रांगेत लाव:

सुडो मोकयुटिल --इम्पोर्ट /व्हार/लिब/शिम-साइन्ड/मोक/मोक.डीईआर

(फाइलच्या नावात ‘मोक’ आणि ‘डीईआर’ यांची लहान-मोठी अक्षरं नीट बघून टाक: नाव एमओके, त्यातली सगळी अक्षरं मोठी, शेवटचं डीईआर लहान.) पासवर्ड मागेल. तो एकदाच वापरायचा आहे. नुसती लहान अक्षरं आणि आकडे ठेव, कारण निळ्या मेनूत कीबोर्ड अमेरिकन मांडणीचा धरला जातो आणि चिन्हं इकडची तिकडे होतात. रीस्टार्ट कर, मेनू आला की लगेच डाऊन अ‍ॅरो दाब. ‘एनरोल मोक’, ‘कंटिन्यू’, ‘येस’, पासवर्ड, ‘रीबूट’. पासवर्ड टाकताना पडद्यावर काही उमटलं नाही तरी घाबरू नको.

नंतर मोकयुटिल --एसबी-स्टेट चालवून सिक्युअर बूट चालू असल्याचं बघ आणि एनव्हीडिया-एसएमआय पुन्हा चालव. कार्डाचं नाव आणि मेमरी दिसली की झालं.

खरं तर डीकेएमएसची गरजच नव्हती. ‘सुडो उबंटू-ड्रायव्हर्स इन्स्टॉल’ दिलं असतंस तर कॅनॉनिकलने आधीच सही केलेली मॉड्यूल आली असती, आणि त्यांना मोक लागत नाही. नेटवरची बरीच ट्यूटोरियल्स जुन्या काळातली आहेत, तारीख बघून मग हात लाव.

सिक्युअर बूट बंद केलं तरी चालेल, नाही असं नाही. पण बिटलॉकर चालू असेल तर पुढच्या बूटला विंडोज रिकव्हरी की मागेल, आणि त्या वेळी घरच्यांना जीएसटी भरायचा असेल तर तुला फोन येईल.

---

वाशी_सेक्टर९

धागा पळवत नाही, पण माझं नेमकं उलट आहे. नव्या लॅपटॉपवर फक्त लिनक्स आहे, विंडोज ११ शेजारी टाकायचंय. सेटअप सुरुवातीलाच म्हणतो, मीडिया ड्रायव्हर नाही, डीव्हीडी किंवा यूएसबीमधून द्या. प्रोसेसर १३व्या पिढीचा आय७. कुठला ड्रायव्हर द्यायचा?

---

कोपरी_बूटलोडर

हा निरोप दिशाभूल करणारा आहे. एकाच निरोपामागे कधी डिस्कचा कंट्रोलर असतो, कधी खुद्द पेनड्राइव्ह. आधी स्वस्तातलं करून बघा: तो निरोपाचा चौकोन रद्द करा, पेनड्राइव्ह काढून दुसऱ्या पोर्टला लावा, पुन्हा ‘इन्स्टॉल’ दाबा. पुढे गेला तर तो पोर्टचा प्रश्न होता. नाही गेला तर आयएसओ मायक्रोसॉफ्टकडूनच नव्याने उतरवून रूफस या विंडोजवरच्या टूलने जीपीटी आणि यूईएफआय निवडून पेनड्राइव्ह पुन्हा बनवा. लिनक्समध्ये डीडी कमांडने विंडोजची आयएसओ जशीच्या तशी पेनड्राइव्हवर ओतली असेल तर हमखास घोळ होतो. लिनक्सच्या आयएसओ त्या पद्धतीने चालतात, विंडोजच्या नाही.

पुढे जाऊन डिस्कची यादी रिकामी दिसली तर मात्र व्हीएमडी. तुमच्याकडे विंडोज अजून नाहीच, त्यामुळे सेफ मोडची कसरत नको, बायोसमध्ये सरळ बंद करून टाका. लिनक्स एफएसटॅब या फाइलीतल्या यूयूआयडीने, म्हणजे ओळखक्रमांकाने, डिस्क ओळखतं, त्याला फरक पडत नाही.

बंद करायचा पर्यायच नसेल तर लॅपटॉप कंपनीच्या सपोर्ट पानावरून तुमच्या मॉडेलचा इंटेल आरएसटी ड्रायव्हर घ्या. सेटअपआरएसटी.ईएक्सई ही फाइल पेनड्राइव्हवर नुसती टाकून भागत नाही, सेटअपला उघडी आयएनएफ फाइल लागते. दुसऱ्या विंडोज मशीनवर कमांड प्रॉम्प्टमध्ये सेटअपआरएसटी.ईएक्सई -एक्स्ट्रॅक्टड्रायव्हर्स आणि फोल्डरचं नाव, असं दिलंत की फोल्डर सुटा होतो. तो पेनड्राइव्हवर ठेवा, सेटअपमध्ये ‘लोड ड्रायव्हर’, ‘ब्राउझ’, आणि आयएस्टोअरव्हीडी.आयएनएफ ज्या फोल्डरात आहे तो निवडा. ‘न जुळणारे ड्रायव्हर लपवा’ ही खूण राहू द्या. यादी रिकामी आली तर आवृत्ती तुमच्या पिढीची नाही, दुसरी उतरवा. खूण काढून भलताच ड्रायव्हर माथी मारू नका.

विंडोज बसल्यावर मशीन थेट विंडोजमध्येच जाईल. ग्रब पुसलं गेलेलं नसतं, विंडोजने स्वतःला रांगेत पुढे केलेलं असतं. बायोसच्या बूट क्रमात लिनक्सची नोंद वर आणा.

---

घणसोली_वायरलेस

@वाशी_सेक्टर९ आणि सेटअपच्या शेवटी तो इंटरनेट मागेल, वायफायचा ड्रायव्हर विंडोजमध्ये नसेल तर पुढे जाऊ देणार नाही. तिथेही अँड्रॉइडचं यूएसबी टेदरिंग चालतं. आत गेल्यावर विंडोज अपडेट बाकीचे ड्रायव्हर ओढून घेतं.

---

ऐरोली_सेक्टर८

मोक एनरोल केलं, एनव्हीडिया-एसएमआयमध्ये कार्ड दिसलं. एक शेवटचं: उबंटूतून विंडोजमध्ये आलं की घड्याळ साडेपाच तास मागे. टॅलीत काल रात्रीची तारीख पडते.

---

नौपाडा_ग्रब

मदरबोर्डच्या घड्याळात उबंटू यूटीसी (जागतिक वेळ) लिहितं, विंडोज तीच वेळ भारतीय समजून वाचतं. उबंटूत एकदा हे द्या:

टाइमडेटसीटीएल सेट-लोकल-आरटीसी १

मग विंडोजमध्ये ‘सिंक नाऊ’ दाबा. टॅलीत चुकीच्या तारखेने पडलेल्या नोंदी मात्र हातानेच दुरुस्त कराव्या लागतील.